ग्रामसभेच्या हातात बांबू गेला की जंगल संपतं? साफ चूक!

कठाणीकाठ
काल इथे 'सागवान' यांनी लिहिलं, "गडचिरोलीला पैसा हवा असेल तर सागाची शास्त्रशुद्ध लागवड करा. ग्रामसभेला बांबू दिला की दोन वर्षांत रांज्या (बांबूची बेटं) संपतात." वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे तो विकायचा हक्क गावाचा, हे स्पष्ट लिहिलेलं, तरी वाहतुकीचा परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे वाहतूक परवान्यांचं पासबुक ग्रामसभेच्या हाती पडलं. गावाला स्वतःच्या जंगलातला बांबू विकता यावा म्हणून केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं!

आता माझ्या गावचं सांगते. तोडणीला टोळी निघाली की दोघं जण नुसते बघायला असतात. वास्त्याला (नव्या कोंबाला) हात लावायचा नाही, कोवळा बांबू ठेवायचा, रांजी मधूनच पोखरायची नाही. माझ्या सख्ख्या दिराने घाईत तीन वास्ते तोडले. ग्रामसभेने त्याची दिवसाची मजुरी कापली, आणि ठरावावर अंगठा माझ्या सासूचा होता. याच बांबूच्या पैशातून माझ्या मुलीच्या नर्सिंगची पहिली फी भरली. सागाची शेवटची कापणी व्हायला ५०-६० वर्षं लागतात. तोवर तिने काय करायचं?

सागवान
ताई, ३१ वर्षं जंगलात नोकरी केली आहे. तुमचं गाव शिस्तीचं असेल, सगळी तशी नाहीत. आणि खरा प्रश्न बांबूचा नाहीच, आगीचा आहे. मार्च आला की मोहाखालचा पाला जाळतात, फुलं नीट दिसावीत म्हणून. वारा सुटला की ती आग चार कोस जाते. एका रात्री हिरव्या फांद्यांनी झोडपत आम्ही सात जण पहाटेपर्यंत आग विझवत होतो. माझ्या पायावरचा डाग अजून आहे. सकाळी पाहिलं तर गुडघ्याएवढी रोपं काळी पडलेली. त्यावर कुणी बोलत नाही.

मोहफूल
आगीचं खापर नेहमी आमच्यावरच का? माझी आई मोहाखाली जुनी लुगडी अंथरते. पहाटे चारला आम्ही पोरं कंदील घेऊन जायचो, फुलं लुगड्यावर टपटप पडायची, गोळा करून टोपलीत ओतायची. काडी कशाला लावायची? मोह जळला तर आमचंच पोट जळतं.

आणि तुमच्या लागवडीचं बोला. १९७४ला वनविकास महामंडळ आलं आणि मिश्र जंगल काढून साग लावायची रीतच पडली. मोह, तेंदू, चारोळी, आवळा काढून एकच झाड लावायचं. सागाखाली माझ्या आईने काय वेचायचं?

रानवाट
दोघंही अर्धं सांगताय. मोहापेक्षा तेंदूचं, म्हणजे विडीच्या पानाचं बघा. कोवळी, मोठी पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात आणि जाळतातही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने याच कारणासाठी तेंदूपान तोडायचंच बंद केलं. फळं धरू लागली, ती लोक खातात. बांबूवर गाव चालतं. म्हणजे आग थांबवणारी ग्रामसभाच निघाली ना?

मोहफूल
पाचगावला बांबू आहे म्हणून जमलं. आमच्याकडे बांबू नावालाच आहे. मे महिन्यात ७०-७० पानांचे पुडे बांधून जे हाती येतं त्यावर खरिपाचं बियाणं येतं. २०१७ला भाव चढला, २०१८ला कोसळला. माझ्या काकांचे पैसे ठेकेदाराने दोन वर्षं अडकवून ठेवले. फोन केला की उद्या. त्या वर्षी त्यांनी बैलजोडी विकली. पान सोडा म्हणणाऱ्यांनी आधी ती जोडी परत आणून द्यावी.

रानवाट
मी सोडा म्हटलेलं नाही. पाचगावने सोडलं एवढंच सांगितलं. वाचून तरी भांडा.

सागवान
पाचगावचं मला मान्य आहे. जो निर्णय आम्हाला इतक्या वर्षांत घेता आला नाही तो त्यांनी घेतला. बोचतं, पण खरं आहे. मात्र दरवर्षी भावाची अशी टांगती तलवार असेल तर त्याला विकास म्हणायचा का? सागाला निदान बाजार पक्का आहे.

कठाणीकाठ
सागाचा बाजार पक्का असेलही, पण तो पैसा गावात येतो कुठे? लाकूड डेपोत जातं, लिलाव तिकडे होतो, आमच्या वाट्याला खड्डे खणायची मजुरी. तेंदूचा भाव पडला तरी लिलाव कसा करायचा, कुणाला द्यायचा, हे ग्रामसभेत बसून आम्ही ठरवतो. मोहफूलभाऊंच्या काकांचं ऐकून मात्र मीही म्हणते, अर्धी रक्कम आधी घेतल्याशिवाय पान फळीवरून (पानं गोळा करतात त्या जागेवरून) उचलू द्यायचं नाही. आमच्या गावाने तोच ठराव केलाय. एका वर्षी ठेकेदारच फिरकला नाही, तरी बदलला नाही.

सागवानसाहेब, दिवाळीनंतर तोडणी सुरू होईल. या. कुठला बांबू ठेवायचा ते माझा दीर दाखवेल, आता त्याला पक्कं कळतं.

सागवान
येतो. पण मार्चच्या आत जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढायचं गावाने कबूल केलं तरच. कोयता मी घेऊन येईन.

मोहफूल
जाळरेषा आम्ही काढू. मजुरी कोण देणार ते आधी लिहा.