सोयाबीनच्या दोन ओळींतलं ४५ सेंमी अंतर सोडून ३० वर यावं आणि मधे काड अंथरावं, पटतंय का?

रानवारा:
माझं मत स्पष्ट आहे, ४५ सेंमी आता सोडा. ४५ बाय ५ वर, म्हणजे ओळींत ४५ आणि झाडांत ५ सेंमी, पेरलं तर हेक्टरी साधारण ४ लाख ४४ हजार झाडं बसतात, ३० बाय साडेसातवरही तेवढीच, म्हणजे बी वाढत नाही, फक्त तासातली, म्हणजे ओळीतली, दाटी कमी होते आणि मधली माती लवकर झाकते. पानाला पान टेकेपर्यंत उघड्या मातीवर पडणारं ऊन पिकाच्या कामाचं नाही, ते ओल उडवतं आणि तण पोसतं. त्यात गव्हाचं काड अंथरलं तर पहिला महिनाही वाया जात नाही.

डवरेकरी:
३० मधे डवरा, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं औत, फिरवायचा कुठून ते सांगा आधी. झड लागली आणि तणनाशक मारायला उघडीपच मिळाली नाही तर अख्खं रान हातानं निंदायचं का? डवरणीनं नुसतं तण जात नाही, मातीची पपडी फुटते, भेगा बुजतात, भुसभुशीत मातीचंच आच्छादन होतं. आणि लवकर झाकलेलं पीक पाणीपण लवकर पितं हे कुणी बोलत नाही. हलक्या रानात मी हे भोगलंय, फुलोऱ्यापर्यंत पीक असं की बघत राहावं, मग शेंगा भरताना पावसानं ओढ दिली आणि दाणा बारीक तो बारीकच राहिला.

रानवारा:
ओढीचं मान्य. पण काड म्हणूनच सांगतोय ना, मातीतून फुकट उडणारं पाणी अडवायचं म्हणजे तेच पुढं शेंगांना मिळतं. भर उन्हात उघड्या मातीवर हात ठेवा आणि मग काडाखाली ठेवा, फरक लगेच कळतो. माती फार तापली की मुळांवरच्या, हवेतलं नत्र बांधणाऱ्या गाठींचं कामही मंदावतं.

वाफसा:
तुम्ही दोघं हलक्या जमिनीचंच बोलताय. भारी काळ्या जमिनीत काडाखाली वाफसाच येत नाही, म्हणजे जादा ओल उतरून माती मोकळी होत नाही, पाणी साचून राहतं, आणि गाठींना नत्र बांधायला हवा लागते, ती मिळाली नाही की पीक पिवळं पडायला लागतं. वर दाटीमुळं खाली वारा खेळत नाही, सकाळचं दव दुपारपर्यंत पानावर. तांबेरा या बुरशीच्या रोगाला पान सलग सहाएक तास ओलं मिळालं तरी पुरतं. ओळी जवळ आणून आपणच त्याची सोय करायची का? भारी रानात रुंद वरंबे आणि मोकळ्या ओळी, माझा आग्रह तोच.

गाठीवाला:
नेहमी येणारी शंका आधीच घेतो, काड कुजताना नत्र खातं ही. मातीत मिसळलं तर खातं, वर अंथरलेलं फार कमी, आणि सोयाबीन स्वतःचं नत्र हवेतून बांधतं, उलट मातीत नत्र जास्त असलं की गाठी कमी धरतात. माझी भीती वेगळी आहे. सोयाबीनचं रोप वाकलेली मान वर काढत दोन्ही डाळी उचलून बाहेर येतं, त्यावर काडाचा जाड थर असला की ते आतच मरतं. उगवण पूर्ण झाल्याशिवाय काड टाकू नका, आणि गोगलगाय असलेल्या रानात तर अजिबात नको, तिला दिवसभर लपायला तीच जागा मिळते.

डवरेकरी:
उगवणीनंतरच टाकायचं असेल तर मग ३० चा हट्ट कशाला? ४५ च्या तासात २० आणि ३० दिवसांनी दोन डवरण्या करायच्या आणि मग काड, चौरस मीटरला अर्धा किलो, म्हणजे हेक्टरी ५ टन. माझं रान हलकं आहे, एवढं मी करतो. चार ओळी तशाच उघड्या ठेवतो.

रानवारा:
चालेल, पण त्याच रानात चार ओळी ३० च्याही धरा, काड टाकून. शेंगा भरताना कुठली पानं दुपारी आधी माना टाकतात ते बघा आणि इथं लिहा.

वाफसा:
आणि दव किती वाजेपर्यंत टिकतं तेही लिहा, दोन्हीकडचं.