मदत हवी आहे: पंप घेऊनही वडिलांचा दम कमी होत नाही

वेलीकडचा
वडील ६७ वर्षांचे, आम्ही तासगाव तालुक्यात. चालताना दम लागतो, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. पंप दोनदा बदलून झाला, फरक नाही. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ आहे. आता घरी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा बारीक फवारा मास्कमधून देणारं मशीन, आणावा म्हणतोय. कोणता घ्यावा? लवकर सांगा, रात्री घरात कुणाचाच डोळा लागत नाही.

कृष्णाकाठ
नेब्युलायझरचं नंतर बघू. आधी हे सांगा: पंप दाबायचा आहे की कॅप्सूल घालून ओढायचा? त्रास कधीपासून? बिडी, चूल, बेदाण्याची शेड यांच्याशी संबंध? खोकला, बेडका, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं? स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायची तपासणी, झाली का? दुसरी कोणती औषधं चालू आहेत?
फोटो स्वच्छ म्हणून दमा नाही असं होत नाही. फोटोत फुप्फुसाचा आकार आणि डाग दिसतात. नळ्या किती आवळल्यात ते फुंकूनच कळतं.

शेडमालक
तासगाव म्हटलं की आधी गंधक बघा. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. तो श्वासनळीच्या ओलाव्यात विरघळून आम्ल होतो आणि दमेकऱ्याची नळी काही मिनिटांत आवळते. हवेपेक्षा दुपटीहून जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून नुसत्या वरच्या खिडक्या उघडून भागत नाही, जमिनीलगतचे झरोके लागतात. तोंडाला उपरणं किंवा एन-९५ बांधून उपयोग नाही, ते कण अडवतात, वायू नाही. आम्लवायूचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो.

गुळवेकरी
रात्री जेवणानंतर गुळाचा खडा द्या. धुळीत काम करणारे सगळे खातात, फुप्फुस साफ होतं.

फार्मसी_विश्रामबाग
@गुळवेकरी, गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुप्फुसात नाही. श्वासनळीच्या आतल्या बारीक केसांसारख्या तंतूंनी धूळ चिकट थरासकट वर ढकलली जाते, तिथे गुळाचा हात लागत नाही. खायला हरकत नाही, पण औषध म्हणून नको. साखर तपासली नसेल तर रोज रात्री मुळीच नको.

वेलीकडचा
शेड आहे, पण वडील दोन हंगाम तिकडे गेलेले नाहीत, घरही लांब आहे. बिडी कधीच नाही, गॅस आहे. कॅप्सूल ओढायचा पंप. त्रास दिवाळीपासून. ताप नाही, वजन तेवढंच, खोकला सुका. औषधं काही नाहीत, बीपी-शुगर नॉर्मल. फुंकायची तपासणी कुणी सांगितली नाही. नेब्युलायझरचं कोणी सांगणार का?

फार्मसी_विश्रामबाग
कॅप्सूलच्या पंपात निम्मे लोक इथे चुकतात. कॅप्सूल खाचेत पारदर्शक टोक खाली करून घट्ट बसवा आणि पंप फिरवा, ती आत फुटल्याचं जाणवतं. आधी बाहेर पूर्ण श्वास सोडा, पण पंपात नको, वाफेने पावडरीचा गोळा होतो. मग ओठ घट्ट लावून जोरात, खोल ओढा. दहा सेकंद रोखा. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. दाबायच्या पंपाचं उलटं, तो सावकाश ओढायचा. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला जोराचा झटका जमत नाही, आणि पावडर घशातच राहते. त्यांच्यासाठी दाबायचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) बरा, डॉक्टरांना तसं सांगा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

मोकळाश्वास
नेब्युलायझर घ्याच. मास्क लावून पडून राहिलं की झालं, तंत्र लागत नाही.

कृष्णाकाठ
पडून नाही, बसून. आणि औषध तेच असतं. स्पेसर लावून नीट घेतलेले ४ ते ८ झटके बहुतेक वेळा नेब्युलायझरइतकाच आराम देतात. नेब्युलायझरचा कप रोज धुऊन वाळवला नाही तर त्यात जंतू वाढतात आणि सरळ छातीत जातात. शिवाय घरात मशीन आलं की माणूस दवाखान्यात जायला दोन दिवस उशीर करतो, मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

योगमंडळ_वाई
सकाळी भस्त्रिका आणि कपालभाती करा, पंप सुटतो.

कृष्णाकाठ
छाती घरघरत असताना भस्त्रिका नको. नळ्या आवळलेल्या असतात तेव्हा श्वास आत जातो, पण बाहेर पडायला वेळ लागतो. भरभर श्वास घेतला की आधीची हवा आतच अडकते आणि दम वाढतो. करायचंच तर ओठांचा चंबू करून सावकाश सोडा, आत २ मोजले तर बाहेर ४. आणि पंप स्वतःहून बंद करू नये.

योगमंडळ_वाई
सावकाश अनुलोम-विलोमाला तरी हरकत नसावी.

कृष्णाकाठ
त्याला हरकत नाही, श्वास न रोखता करा.
@शेडमालक, धुरीचं तुमचं बरोबर, पण बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारीनंतरचा, आणि त्रास दिवाळीत सुरू झाला. वडील शेडमध्येही जात नाहीत. माझा प्रश्न अजून तोच आहे. "औषधं नाहीत" म्हणजे गोळ्या नाहीत, की थेंब, मलम, गुडघेदुखीची पाकिटातली गोळीसुद्धा नाही? काही दमेकऱ्यांना वेदनाशामक गोळीनेही झटका येतो.

वेलीकडचा
गोळी नाही. डोळ्यात थेंब घालतात, काचबिंदूचे, दसऱ्यानंतर सुरू झाले. डोळ्याचा आणि दम्याचा काय संबंध?

फार्मसी_विश्रामबाग
फार जवळचा. बाटलीवर बारीक अक्षरात टिमोलॉल आहे का बघा. जोडऔषध असेल तर दुसऱ्या नावामागे लिहिलेलं असतं. हा बीटा ब्लॉकर आहे. पंपातलं सालब्युटामॉल नळीच्या स्नायूंवरच्या ज्या जागेला बसून नळी सैल करतं, तीच जागा टिमोलॉल अडवतो. थेंब डोळ्यातून बारीक नळीने नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. यकृतातून जावं लागत नाही, म्हणून एका थेंबानेसुद्धा छातीवर परिणाम होतो. पंप दोनदा बदलूनही गुण नाही, याचं हे कारण असू शकतं.
थेंब मात्र स्वतः बंद करू नका. डोळ्याचा दाब वाढला तर गेलेली नजर परत येत नाही. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून "दम लागतो" एवढं सांगा. लॅटानोप्रोस्टसारखे दुसऱ्या गटातले थेंब असतात, ते ठरवतील. तोवर थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने २ मिनिटं दाबून धरा, रक्तात कमी जातं.

वेलीकडचा
टिमोलॉल ०.५ टक्के, दिवसातून दोनदा. छातीच्या डॉक्टरांपुढे थेंबांचा विषयच निघाला नाही.

शेडमालक
तरीही शेडच्या बाजूने वारा येत असेल तर बघा. उसाचं पाचटही आत्ताच पेटवतात, त्या धुराने गावभर खोकला पसरतो. पाचट सरीतच ठेवून कुजवलं तर जमिनीला खत मिळतं.

घाटावरून
पाचगणीला नेऊन ठेवा. जुन्या काळी क्षयाच्या रुग्णांसाठी तिथे सॅनेटोरियम होतं, हवाच औषध.

कृष्णाकाठ
@घाटावरून, ते क्षयाचं होतं, आणि गोळ्या आल्यावर तोही काळ संपला. ही लक्षणं तशी दिसत नाहीत. खोकला दोन आठवड्यांवर गेलाय म्हणून बेडका पडला तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, फुकट आहे.

@वेलीकडचा, थेंब बदलले तरी स्पायरोमेट्री करून घ्या, त्याशिवाय निदान अंदाजाचं राहतं. मिरजेला सोय आहे. आधी फुंकतात, मग सालब्युटामॉलचे ४ झटके देऊन १५ मिनिटांनी पुन्हा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलीलिटरने वाढली तर दम्याकडे कल. औषधानंतरही ती एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांखाली राहिली तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, आहे का बघतात, तो बिडी न ओढणाऱ्यालाही होतो. किती तास आधी पंप घ्यायचा नाही ते वेळ ठरवताना विचारा, लांब टिकणाऱ्या औषधाला जास्त तास लागतात. थेंबाची बाटली आणि पंप दोन्ही बरोबर न्या.
एका दमात वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसले, गुंगी आली किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली गेला तर धागा वाचत बसू नका, १०८ लावा.

वेलीकडचा
डोळ्यांच्या डॉक्टरांनी फोनवरच आजचा रात्रीचा थेंब घालू नका सांगितलं, सकाळी बोलावलंय, दाब मोजून दुसरे देणार. ऑक्सिजन ९५ आहे. स्पेसर कितीला मिळतो, आणि धुवायचा कसा?

फार्मसी_विश्रामबाग
बहुतेक मेडिकलमध्ये मिळतो, साधे स्वस्त असतात, मास्कवाल्याला जास्त पडतात. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा, बाहेर काढून तसाच उभा वाळवा. आतून फडक्याने पुसू नका, घासल्याने प्लॅस्टिकवर वीजभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. पंप हलवून एका वेळी एकच झटका सोडायचा, लगेच सावकाश ओढायचा, दुसरा अर्ध्या मिनिटाने.