मदत हवी आहे: शनिवारी हरिहरेश्वर, परवाच निघायचंय, बुकिंग शून्य

मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

नवऱ्याची तीन आठवडे अडकलेली सोमवारची रजा आज संध्याकाळी मंजूर झाली. लेकीच्या शाळेलाही सोमवारी सुट्टी आहे. जेवताना सासूबाई सहज म्हणाल्या, "देवाकडे जाऊन सात वर्षं झाली." कुलदैवत हरिहरेश्वर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि तव्यावरची पोळी करपली. तर ठरलं. शनिवारी निघून सोमवारी रात्री पुण्यात परत.

कोथरूडहून स्वतःच्या गाडीने. आम्ही दोघं, लेक 9 वर्षांची, आई 76. त्यांचे गुडघे दुखतात, कमोड लागतोच.

नवऱ्याचा बेत असा: शनिवार दिवेआगर, रविवार श्रीवर्धन-हरिहरेश्वर, सोमवारी बागमांडल्याहून गाडी जेटीवर चढवून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, दापोली आणि घरी. त्याच्या मते आरामात होतं. त्याच्या मते सगळंच आरामात होतं.

रस्ता कुठला घ्यावा? आयत्या वेळी खोली मिळेल का? आणि देवळामागची समुद्राकडची प्रदक्षिणा आईंना जमेल का? लेकीला तीच करायचीय.

घाटवेडा:
ताम्हिणीनेच जा. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा. पावणेदोनशे किमीच्या आसपास, थांबत गेलात तर पाच-साडेपाच तास. पहाटे साडेपाचला घर सोडा. उशीर केलात तर माणगावात मुंबईकरांच्या गाड्या भेटतील, तिथला बाजार ओलांडायलाच अर्धा तास जातो. पेट्रोल आणि रोख पैसे माणगावातच घ्या.

सोमवारचं दापोली मात्र काढून टाका. जेटी सुंदर आहे, मान्य. पण दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसभर गाडीत बसून वर रात्रीचा घाट? यजमानांना सांगा, मी सांगितलंय.

मूळ धागाकर्ती:
दाखवलं. "हा कोण?" म्हणाला.
एक अडचण आहे. उद्या एकादशी, शनिवारी आईंचं पारणं. साडेपाचला निघालो तर त्यांना उपाशीच गाडीत बसवायचं का?

ओटीभरण:
अहो, सोप्पं आहे. रात्रीच भाजी चिरून ठेवा, पहाटे पोळ्या लाटा आणि डबा बरोबर घ्या. सूर्य वर येईल तेव्हा तुम्ही मुळशीच्या पुढे असाल. पाणी दिसेल तिथे गाडी बाजूला लावायची आणि पारणं सोडायचं. आमच्या आजेसासूबाईंनी एकदा असंच सोडलं होतं. नंतर वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होत्या.

खाडीकाठ:
मी त्याच भागातला, म्हणून जरा सविस्तर.

प्रदक्षिणा आईंना नको. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग कातळाच्या फटीतून उंच पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवर. खडक मधाच्या पोळ्यासारखे पोखरलेले, शेवाळलं असेल तिथे तरणी माणसंही घसरतात. आईंना देवळातच बसू दे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव, हे दर्शन त्यांना माहीत असेलच.

तुम्ही तिघं जा, पण ओहोटीलाच. भरतीत त्या वाटेवरून माणसं वाहून गेली आहेत. आमच्याकडे हिशोब तोंडी करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. शनिवारी द्वादशी, म्हणजे बाराचे पाऊणपट नऊ. सकाळी नऊच्या सुमारास भरती, तीनच्या सुमारास ओहोटी, रात्री पुन्हा भरती. रोज पाऊण तास पुढे सरकतं. रविवारी त्रयोदशी, भरती पावणेदहाला, म्हणजे पाणी चारच्या आसपास सगळ्यात खाली. तीनला उतरा, साडेचारच्या आत वर या. हिशोब ढोबळ आहे, शिवाय पौर्णिमा जवळ आल्याने उधाणाचे दिवस. उतरण्याआधी देवळापाशी फुलं विकणाऱ्यांना विचारा, ते खरं सांगतात. लेकीचा हात सोडू नका, आणि फोटोसाठी पाण्याकडे पाठ करून उभं राहू नका.

दोनदाचुकलेली:
नकाशा लावताना एक लक्षात ठेवा, वेळास दोन आहेत. एक दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या मधलं, दुसरं खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यातलं, कासवांचं आणि नाना फडणवीसांचं. आम्ही पहिल्याला निघालो होतो आणि बागमांडल्याच्या जेटीवर रांगेत उभे राहिलो. नवरा म्हणाला, "बोट कशाला लागतेय?" तोवर तिकीट काढून झालं होतं.

दिवेआगरहून श्रीवर्धनला किनाऱ्याच्या रस्त्यानेच जा, आरावीवरून. त्या रस्त्यावर घाई करू नका.

खोलीवाला अनुभव:
खोल्या मिळतील, वीकेंड असला तरी. मोठ्या सुट्ट्यांसारखी गर्दी नसते. पण एका साइटवरचे फोटो बघून मी आगाऊ पैसे पाठवले आणि पोचल्यावर कळलं, त्या पत्त्यावर नारळाची वखार आहे. तेव्हा आधी फोन करा आणि बाथरूमचा व्हिडिओ मागा. कमोड आहे का हे "सगळी सोय आहे" या उत्तरावर सोडू नका. तळमजला मागा. दोन्ही रात्री एकाच गावात काढा, आईंचं सामान रोज उचलायला नको.

जेवण घरगुती असतं, ताटं आधी सांगावी लागतात. दुपारचं हवं तर सकाळी दहाच्या आत. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच.

लालपरी:
कुणी एसटीचं नावच काढलं नाही! आई 76 म्हणजे तिकीट माफ, धागाकर्तीला अर्धं. गाडीच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त.

मूळ धागाकर्ती:
लालपरी, आईंना हे वाचून दाखवलं, त्या लगेच तयार झाल्या. गुडघ्यांमुळे यावेळी गाडीच, पण तिकीट माफ असल्याचं आता सगळ्या सोसायटीला कळणार.

तर: दापोली रद्द. शनिवारी वाटेत दिवेआगरला सुवर्णगणेशाचं दर्शन आणि जेवण, रात्री दोन्ही हरिहरेश्वरात. पाच फोन केले. तिघांकडे खोली होती, व्हिडिओ एका काकूंनीच पाठवला, स्वतः बाथरूममध्ये उभं राहून नळ सोडून दाखवला. तिथेच ठरवलं. चार ताटं, त्यातलं एक बिनकांद्या-लसणाचं, आणि रविवारी एकवीस मोदक.

खाडीकाठ, तुमचा पाऊणपटीचा हिशोब लेकीने फळ्यावर मांडलाय. आता ती सोसायटीतल्या मुलांना भरतीच्या वेळा सांगत फिरतेय, पुण्यात बसून.