एग टार्ट: हाँगकाँगचा, मकाऊचा आणि लिस्बनचा

कस्टर्डवेडा
एग टार्ट म्हणजे पारीत अंड्याचं कस्टर्ड भरून भाजलेली वाटी. हाँगकाँगचा वरून गुळगुळीत पिवळा, मकाऊच्या टार्टवर काळे डाग. मग मकाऊचा तेवढा पोर्तुगीज का म्हणवतो? आणि एकच सारण कमी-जास्त आचेवर भाजून दोन्ही जमतील का? ओटीजी २५० अंशांपर्यंत जातो.

जुनी_भटारखाना
पोर्तुगीज टार्ट, म्हणजे पास्तेल दे नाता, लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमोस मठातला. कपड्यांना खळ द्यायला अंड्यातलं पांढरं लागे, उरलेले बलक गोडात जात असं सांगतात. १८३४ साली पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि १८३७ पासून शेजारच्या दुकानात विक्री सुरू झाली. ते दुकान आजही चालू आहे.

चिनी टार्टचं घराणं वेगळं. इंग्लिश कस्टर्ड टार्टवरून तो १९२० च्या दशकात ग्वांगझूत घडला, पुढे हाँगकाँगमध्ये रुळला.

मकाऊचा मात्र अगदी अलीकडचा. अँड्र्यू स्टो या इंग्रजाने १९८९ मध्ये कोलोआनच्या बेकरीत तो सुरू केला. पापुद्रे आणि डाग पोर्तुगीज, कस्टर्ड इंग्लिश वळणाचं. मकाऊ पोर्तुगीज वसाहत होती म्हणून त्याला शेकडो वर्षांची परंपरा चिकटवतात ती उगाच.

बलक_आणि_मैदा
एकच सारण चालणार नाही, खरी गोम तिथेच आहे.

नातासाठी (१२ नग): २०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची साल उकळून पातळ पाक. २४० मिली दुधात २५ ग्रॅम मैदा गुठळ्या न होता शिजवा, त्यात पाक ओता, कोमट झाल्यावर ६ बलक. मैदा आणि भरपूर साखर यांमुळे बलक चटकन फुटत नाहीत, म्हणून २५० अंश सोसतात. काळे डाग त्याच आचेचे. ओटीजी अर्धा तास तापवा, दोन्ही कॉइल चालू, ट्रे वरच्या बाजूला, १२ ते १५ मिनिटं. आच कमी पडली तर डाग येईपर्यंत आतलं कस्टर्ड रबरासारखं होतं.

हाँगकाँगसाठी ३ अख्खी अंडी, १०० ग्रॅम साखर २२० मिली गरम पाण्यात विरघळवून पूर्ण गार केलेली, ९० मिली इव्हॅपोरेटेड मिल्क (बिनसाखरेचं आटवलेलं दूध). फेस न होऊ देता हलवा, दोनदा गाळा, वरचे बुडबुडे टिपून घ्या. मैदा नाही, त्यामुळे जास्त आचेवर हे फुटून जाळी पडते. २०० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मग १८० वर. कस्टर्ड फुगायला लागलं की दार दोन बोटं उघडं ठेवा. घुमट झाला तर गार होताना खड्डा पडणारच.

पापुद्रा
पारीबद्दल. हाँगकाँगमध्ये दोन प्रकार: बिस्किटासारखी खुसखुशीत किंवा डुकराच्या चरबीची पदरी.

नाताची पारी लोण्याची. पदर घातलेली पोळी घट्ट गुंडाळा, थंड करून २ सेंमीचे तुकडे कापा. कापलेली बाजू खाली ठेवून ओल्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबा. तळ पातळ हवा, नाहीतर कच्चा राहतो. लोणी मऊ पडलं तर पदर एक होतात, साचे लगेच फ्रिजमध्ये टाका.

कस्टर्डवेडा
इव्हॅपोरेटेड मिल्क इथे मिळत नाही. कंडेन्स्ड चालेल?

बलक_आणि_मैदा
नको, त्यात साखर असते, गोडाचं गणित बिघडेल. २०० मिली म्हशीचं दूध ९० मिलीपर्यंत आटवा, साय गाळून गार करा.