टेरी प्रॅचेट : सुरुवात कुठून करावी? बाबांना वाचून दाखवायचंय

तारघर
नमस्कार मंडळी. बाबा ३४ वर्षं तार ऑफिसात टेलिग्राफिस्ट होते. दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. माणसांची नावं निसटतात, सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. पण जेवताना ताटाच्या कडेवर डाव्या हाताचं बोट चालूच असतं. कट्ट, कडकट्ट, कट्ट.

वाचून दाखवलेलं त्यांना अजून आवडतं. ऑफिसातली मैत्रीण टेरी प्रॅचेट या विनोदी, अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाची भक्त आहे, ती म्हणाली त्यांना हेच वाच. त्यांच्या डिस्कवर्ल्ड या मालिकेची ४१ पुस्तकं बघून मी गांगरले. इंग्रजी घेऊन वाचता वाचता मराठीत सांगायचा विचार आहे. कुठलं घेऊ?

निळी_शाई
प्रकाशनाच्या क्रमाने जाऊ नका. १९८३ चं पहिलं पुस्तक मला आवडतं, पण त्यात लेखकाचा सूर अजून लागायचाय. मी 'मोर्ट' सांगेन. मृत्यूला मदतनीस हवा असतो, म्हणून तो एका धांदरट पोराला कामावर ठेवतो. हा मृत्यू दुष्ट नाही. त्याला मांजरं आवडतात, करी आवडते, आणि माणसं अशी का वागतात हे काही केल्या त्याला कळत नाही.

बाबांना या पुस्तकांतलं जग समजावणं सोपं जाईल. मोठं कासव, पाठीवर चार हत्ती, त्यांच्यावर चकतीसारखी पृथ्वी. कूर्म आणि दिग्गज ऐकत वाढलेल्या माणसाला यात काहीच परकं नाही.

अडचण एकच. मृत्यूचं बोलणं कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं आणि आपल्याकडे कॅपिटल नाहीत. मी मुलाला सांगताना आवाज खाली आणून एकेक शब्द सुटा बोलायचो. २०१५ च्या १२ मार्चला प्रॅचेट गेले, तेव्हा त्यांच्या ट्विटर खात्यावर पहिलं वाक्य याच कॅपिटल अक्षरांत आलं. मृत्यू त्यांना न्यायला आला होता. मी लोकलमध्ये होतो, दादरला उतरायचं राहून गेलं.

घाटावरचा
ताई, 'मोर्ट' नंतर घ्या. तार ऑफिस वाचलं आणि मी उठून कपाटातून 'गोइंग पोस्टल' काढलं. २००४ चं आहे. बंद पडलेलं टपाल खातं एका भामट्याच्या गळ्यात मारतात आणि त्याची टक्कर असते 'क्लॅक्स'शी. म्हणजे मनोऱ्यांची रांग, वर उघडझाप करणाऱ्या झडपा, एका मनोऱ्याने पाहून पुढच्याला द्यायचं. तारच की ती!

त्या लाइनवर काम करताना मेलेल्या माणसांची नावं तिथले लोक संदेशात फिरवत ठेवतात. नावाआधी तीन अक्षरं असतात, जी एन यू. जी म्हणजे पुढे पाठव, एन म्हणजे नोंद करू नको, यू म्हणजे लाइन संपली की परत फिरव. नाव फिरतंय तोवर माणूस गेलेला नाही. प्रॅचेट गेल्यावर वाचकांनी आपापल्या संकेतस्थळांच्या सर्व्हरमध्ये 'जीएनयू टेरी प्रॅचेट' अशी ओळ घातली. पानावर ती दिसत नाही, पण पान उघडलं की मागून जाते. मीही घातली आहे. दहा वर्षं होऊन गेली, काढलेली नाही.

सायंतारा
'गोइंग पोस्टल'ला माझंही मत, आणि कारण अगदी व्यवहारातलं आहे. त्यांच्या बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नसतात, यात आहेत. शिवाय प्रत्येकाच्या सुरुवातीला पुढे काय काय घडणार ते दोन-चार ओळींत दिलेलं असतं. माझ्या सासूबाईंना हाच आजार होता. आधी तो गोषवारा सांगायचा, मग दोनच पानं, आणि "काल काय झालं आठवतं का?" हे कधीच विचारायचं नाही. त्या प्रश्नाने त्यांचा चेहरा पडायचा.

प्रॅचेटना अल्झायमरचा दुर्मिळ प्रकार झाला होता. मेंदूच्या मागच्या भागाला होतो, त्यात आधी नजरेचं गणित बिघडतं. २००७ च्या डिसेंबरात त्यांनी स्वतःच जाहीर केलं आणि पुढच्या मार्चमध्ये संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले. टाइप करणं जमेना तेव्हा पुस्तकं तोंडी सांगून लिहिली. गेले तेव्हा ६६ वर्षांचे होते, स्वतःच्या घरी, आणि पलंगावर मांजर झोपलेलं होतं. निदान झाल्यावरही इतकं काम केलं या माणसाने, म्हणून मला ते फार जवळचे वाटतात.

निळी_शाई
माझा सल्ला मागे. 'गोइंग पोस्टल'च घ्या.

तारघर
सगळ्यांचे आभार. पुस्तक आणून तीन आठवडे झाले. रोज दोन पानं, गोषवारा आधी. मनोऱ्यांचं सांगितलं तेव्हा बाबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "धुक्यात काय करतात?" मला उत्तर येईना.

काल जी एन यू चा भाग आला. मी सावकाश सांगितलं, मग त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. डोळे मिटले आणि पलंगाच्या लाकडावर बोट वाजवू लागले. तेच तेच, पाच-सहा वेळा. "बाबा, काय पाठवताय?" तर एक नाव सांगितलं, आडनावासकट. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं. आईला विचारलं. ती म्हणाली, नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीला बरोबर होता, विशीतच गेला.

आज संध्याकाळी ते नाव मी वहीत लिहून ठेवलं. हे पुस्तक संपायला महिनाभर लागेल. मग 'मोर्ट'.