नाशिककरांनो, तुमचा शुमाकर कोणता?

मागच्या रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर विशीतला एक पोरगा, डोक्यावर लाल टोपी, टोपीवर फॉर्म्युला वन शर्यतींतल्या फेरारी संघाचा घोडा. कौतुकानं विचारलं, "शुमाकरचा फॅन का रे?" म्हणाला, "नाही काका, लेक्लेरचा. शुमाकर पप्पांचा." (लेक्लेर म्हणजे फेरारीचा नव्या पिढीचा ड्रायव्हर.) पाव घशातच अडकला. म्हणून हा धागा.

सात विश्वविजेतेपदं (१९९४ आणि ९५ बेनेटन संघातून, मग २००० ते २००४ सलग पाच फेरारीतून), ९१ शर्यती जिंकल्या, हे सगळ्यांना पाठ आहे. ते परत नको. नाशिकमध्ये बसून तुम्हाला तो कसा भेटला, ते लिहा. तेवढीच विजेतेपदं मिळवलेल्या हॅमिल्टनशी तुलना करू नका. (करणारच आहात, माहीत आहे.)

सातपूरचा रिटायर्ड फिटर

मी मायको कारखान्यात टूलरूमला होतो. आयुष्य मायक्रॉन मोजण्यात गेलं. मुलानं एकदा बळंच शर्यत बघायला बसवलं, १९९८ ची हंगेरीची. गाड्या गोल गोल फिरतायत, त्यात बघायचं काय? पुढे मॅक्लारेनच्या दोन गाड्या, आणि त्या ट्रॅकवर ओव्हरटेक करणं म्हणजे संध्याकाळी शालिमारला रिक्षाच्या पुढे गाडी काढणं. फेरारीचे डावपेच आखणाऱ्या रॉस ब्रॉननं मध्येच डाव फिरवला. दोनऐवजी तीनदा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गॅरेजपाशी, थांबायचं. तेव्हा शर्यत चालू असताना पेट्रोल भरता यायचं. कमी पेट्रोल म्हणजे हलकी गाडी, वर टायर ताजे. पण जास्तीच्या थांब्यात गेलेला वेळ भरून काढायला हवा. रेडिओवर शुमाकरला सांगितलं, १९ फेऱ्यांत २५ सेकंद कमव. आमच्याकडे साहेबानं असं टार्गेट दिलं असतं तर युनियन गेटवर बसली असती.

यानं काढून दाखवले. मध्ये एकदा ट्रॅक सोडून गवतातही गेला, तरी जिंकला. मुलगा वेग बघत होता. मला दिसत होतं की प्रत्येक फेरी मागच्या फेरीसारखीच निघतेय, रिजेक्शन जवळजवळ नाही. ज्यानं मशीनवर आठ-आठ तास तोच नग काढलाय, त्याला विचारा हे किती अवघड असतं.

नंतर वाचलं, बाप गवंडी होता, केर्पेनच्या कार्टिंग ट्रॅकचं काम बघायचा आणि आई तिथल्याच कँटीनमध्ये. म्हटलं, बरोबर. वर्कशॉपमधलं पोर आहे.

इंदिरानगर, तेव्हा दहावी

ऑक्टोबर २००६, ब्राझील, त्याची (तेव्हा वाटलेली) शेवटची शर्यत. दिवाळीचे दिवस, रात्रीची वेळ, म्हणून लोडशेडिंग नव्हतं. सुरुवातीलाच मागचा टायर फुटला, लंगडत पिटमध्ये आला, पार शेवटच्या नंबरवर गेला. तिथून एकेकाला गाठत निघाला. थोड्या फेऱ्या उरल्या होत्या आणि गल्लीतली डीपी उडाली. फटाक्यांपेक्षा मोठा आवाज!

लँडलाइन चालू होता. पाथर्डी फाट्याच्या मित्राला फोन केला. त्यानं रिसीव्हर टीव्हीसमोर धरला. अंधारात मी, आई झोपलेली, आणि कानात नुसती इंजिनं. मध्येच तो ओरडला, "रायकोनेनला घेतलं! आतून घेतलं!" पुढच्या वर्षी याच रायकोनेनला शुमाकरची फेरारीतली सीट मिळणार होती. चौथा आला. मी ती शर्यत नंतर नीट पाहिलीय, पण माझ्यासाठी ती अजून अंधारातच आहे.

नाशिकरोडची

मी प्रत्यक्ष पाहिलाय, जळा! ३० ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडा, भारतातली पहिली फॉर्म्युला वन ग्रां प्री. दोघी मैत्रिणी मंगला एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला गेलो, घरी सांगितलं 'ऑफिसचं ट्रेनिंग'. शुक्रवारच्या सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं, तेव्हा आपल्याच देशात आहोत याची खात्री पटली.

निवृत्ती मोडून शुमाकर तेव्हा मर्सिडीजमध्ये. चंदेरी गाडीत त्याला बघून कसंसंच झालं, माहेरचा माणूस दुसऱ्याच गावी भेटावा तसं. बेटेल जिंकला, म्हणजे फेटेल हो, मोबाइलवर टाइप करतेय. शुमाकर मागून येत पाचवा आला, संघातल्याच तरुण रोझबर्गच्या पुढे. ४२ वर्षांचा होता. आमचा नारायण कार्तिकेयन सतरावा आला, त्यालाही घसा फुटेस्तोवर ओरडलो. हा तोच नारायण, २००५ ला अमेरिकेत सहाच गाड्या धावल्या तेव्हा चौथा आलेला. ती शर्यत कोणी जिंकली होती? शुमाकरनंच.

हक्किनेनवाला

मी हक्किनेनचा, म्हणजे त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा फॅन. आरती झाली असेल तर माझाही प्रसाद घ्या. अ‍ॅडलेड १९९४ : भिंतीला घासलेली शुमाकरची गाडी विजेतेपदाच्या प्रतिस्पर्ध्यावर, डेमन हिलवर आदळली, दोघंही बाद, हा एका गुणानं विजेता. मुद्दाम की अपघात, यावर आम्ही भाऊ-भाऊ आजही भांडतो. हेरेथ १९९७ : व्हिलनवच्या गाडीवर गाडी घातली, स्वतःच वाळूत रुतला. एफआयएनं (या खेळाची नियामक संघटना) त्या वर्षीच्या गुणतक्त्यातून त्याचं नावच काढलं. मोनॅको २००६ : क्वालिफायिंगमध्ये (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेऱ्यांत) ऐन वेळी रास्कासच्या वळणावर गाडी 'बंद पडली', अलोन्सोची फेरी वाया. पंचांनी याला सगळ्यात मागे उभं केलं. ऑस्ट्रिया २००२ ला फेरारीनं संघातल्याच बॅरिकेलोला शेवटच्या रेषेशी याला वाट द्यायला लावली, तेव्हा मी टीव्हीला चप्पल दाखवली होती.

एक मात्र आहे. १९९६, स्पेनचा पाऊस. ती फेरारी म्हणजे धड बैलगाडीही नव्हती, आणि यानं दुसऱ्या नंबराला ४५ सेकंद मागे टाकलं. त्या दिवशी मी गप्प होतो. तेवढंच.

धागाकर्ता : हॅमिल्टन नको म्हटलं होतं, हक्किनेन राहून गेला. चालू द्या.

पंचवटी

आमच्या घरी हे नाव नव्हतं, शिवी होती. "काय रे, स्वतःला शुमाकर समजतो का?" वडील म्हणायचे, मुंबई नाक्यावरचा हवालदारही हेच म्हणाला. त्र्यंबक रोडला खड्ड्यात आपटून हात मोडून घेतला, तर प्लास्टर घालताना डॉक्टरही तेच. मी तोवर एकही शर्यत पाहिली नव्हती. हा माणूस आहे तरी कोण, म्हणून बघायला लागलो.

द्वारका

लिहू की नको असं चाललं होतं.

२०१४ च्या जानेवारीत बाबा स्कूटरवरून पडले, डोक्याला मार. बरेच दिवस शुद्ध नव्हती. डिसेंबरच्या २९ ला शुमाकर मेरिबेलला स्कीइंग करताना पडला होता, तोही तसाच झोपलेला, ग्रेनोबलच्या हॉस्पिटलात. आयसीयूबाहेरच्या बाकावर मी पेपरात आधी त्याची बातमी शोधायचो. त्याला बरं वाटलं तर बाबांनाही वाटेल, असलं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

बाबा घरी आले आणि माणसांची रीघ लागली. ओळखतात का? बोलतात का? आधीसारखे होतील ना? एक मावशी तर बाबांसमोरच "आता काय राहिलंय" म्हणाल्या. त्यानंतर आई दारातच खुर्ची टाकून बसायला लागली. "बरे आहेत. चहा घेणार?" याच्या पुढे कोणाला काही कळू दिलं नाही. नातेवाइक दुखावले, काही अजून येत नाहीत.

शुमाकरला त्या सप्टेंबरात घरी नेलं. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, कोरिनानं, घराचं दार असंच लावून घेतलंय. लोक चिडतात, आम्ही चाहते आहोत, आम्हाला कळायला हवं म्हणतात. मला आईची खुर्ची दिसते.

बाबांचा डावा हात अजून नीट चालत नाही, दुपारी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही. पण जपानचं सुझुका, २००० साल, फेरारीला २१ वर्षांनी मिळालेलं ड्रायव्हरचं विजेतेपद, ते फेरी-फेरीनं सांगतात. एकच शर्यत, रोज.

सातपूरचा रिटायर्ड फिटर

द्वारका, रविवारी बाबांकडे आलो तर चालेल का? शर्यत साडेसहाला आहे. सुझुका मीही ऐकीन. आईंना सांगा, चहा घेणार, बाकी काही विचारणार नाही.