मदत हवी आहे: चार विभागांत मिळून एक सर्व्हर, की ज्याचं त्याचं वर्कस्टेशन?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज आहे, अमरावती विद्यापीठाशी संलग्न. पीएचडीचे विद्यार्थी असलेले चार विभाग: रसायन, वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि संख्याशास्त्र. यंदा संस्थेनं संशोधनाच्या कंप्युटरसाठी एकरकमी पैसे मंजूर केलेत. चौघांनी वाटून घेतले तर प्रत्येकाला एकेक बऱ्यापैकी वर्कस्टेशन येतं, एकत्र केले तर एक दणकट सर्व्हर.

रसायनवाल्यांचं 'ऑटोडॉक विना' या सॉफ्टवेअरवर डॉकिंग (औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसतो ते पाहणं) आणि 'ग्रोमॅक्स'वर रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन चालतं. वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला कपाशीच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखणारं मॉडेल तयार करायचंय. भूगोलवाले सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं डाउनलोड करत बसतात, तीही इथल्या नेटवर. संख्याशास्त्राला 'आर' (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) पुरेसं आहे, पण रॅम कमी पडते.

माझं मत एकत्र घेण्याकडे आहे. रसायनचं मशीन पेपरच्या घाईत रात्रंदिवस पेटलेलं असतं आणि एरवी कव्हर घालून ठेवलेलं. चौघांची घाई एकाच वेळी क्वचित येते. अडचण एवढीच की आमच्याकडे सामाईक म्हटलं की भावकीतली विहीर आठवते: मोटार कोणाची, पाळी कोणाची, आणि बिल आलं की सगळे गावाला गेलेले. काही विभागप्रमुख आत्ताच म्हणून राहिले, "मशीन आमच्याच खोलीत पाहिजे."

तर विचारायचं हे की ग्राफिक्स कार्डावर किती खर्च करावा? पाळी कशी लावावी? आणि मे महिन्यात, लाइटच्या खेळखंडोब्यात, हे जगवायचं कसं?

निवांत_वर्धेकर: सर, आधी भूगोलाला यातून मोकळं करा. गूगल अर्थ इंजिन संशोधनासाठी फुकट आहे, हिशोब त्यांच्या सर्व्हरवर होतो, तुमच्याकडे फक्त निकाल येतो. सेंटिनेलची अख्खी चित्रं गावाच्या नेटवर ओढायची गरजच नाही. कार्डाचं म्हणाल तर कामावर आहे. विनाला कार्ड लागतच नाही, प्रत्येक रेणू सुटा, त्यामुळे प्रोसेसरचे जितके कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) तितकं काम लवकर. ग्रोमॅक्स आणि फोटोंचं मॉडेल मात्र कार्डावर पळतात आणि त्यांना गेमिंगचं कार्ड चालतं. २४ जीबी मेमरीचं एक घ्या, दोन लहान नको. पुढे कोणी क्वांटम एस्प्रेसो (इलेक्ट्रॉनच्या पातळीवरचे हिशोब करणारं सॉफ्टवेअर) चालवायचं म्हणाला तर त्याला आधीच सांगून ठेवा, त्याला लागणाऱ्या डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे जास्त अचूक आकडेमोडीत, ही कार्डं फारच लंगडतात. उरलेले पैसे रॅममध्ये घाला, आर सगळा डेटा रॅममध्येच उचलतं.

कापूसकोंड्या: भाऊ, कार्ड वगैरे ठीक, एसीचं काय? मशीननं खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर येते. दीड किलोवॅटचा सर्व्हर पूर्ण भारानं चालला तर दिवसाला ३६ युनिट, एसीचे वेगळे. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो, म्हणजे कागदावर पुरतो. पण बाहेर ४५ अंश असले की एसीचाही दम निघतो, आणि स्लॅबखालची पश्चिमेची खोली दिली तर देवच वाचवो. तळमजल्यावरची, उत्तरेची खोली मागा. एसी दोन ठेवा, आळीपाळीनं चालवा. यूपीएसवर रात्रभर काम चालेल असं स्वप्न पाहू नका. मशीन नीट बंद होईल एवढा वेळ मिळाला तरी बस झालं. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट (काम कुठवर आलं त्याची नोंद) लिहितं, लाइट आली की तिथून पुढे सुरू.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांनाही. भूगोलाचं ऐकून जीव भांड्यात पडला. पाळीचं कोणी बोललंच नाही पण, खरं भांडण तिथंच आहे.

लिनक्सवाली_अकोला: स्लर्म टाका, म्हणजे कामांची रांग लावणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यात फेअरशेअर असतं: ज्यानं अलीकडे जास्त वापरलं त्याचा नंबर आपोआप मागे जातो. प्रत्येक कामाला वेळेची कमाल मर्यादा घाला, नाहीतर एखादा महिनाभर कार्ड अडवून बसेल. कोणाचे किती कोअर-तास (कोअर गुणिले तास) झाले ते त्यातच निघतं, ते दर महिन्याला चारही विभागांना पाठवा. बिलाची वाटणीही त्यावरूनच करा, तोंडी अंदाजावर नको. आणि डेटा! रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्कची जोडणी) लावली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका, कोणी चुकून फोल्डर उडवला तर तो सगळ्या डिस्कवरून उडतो. दुसऱ्या इमारतीत वेगळी प्रत ठेवा.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: सांभाळणार कोण? पीएचडीच्या पोराच्या गळ्यात मारू नका, तो थीसिस देऊन जातो आणि पासवर्डही घेऊन जातो. नेमलेला माणूस आणि त्याचे तास कागदावर येत नसतील तर, स्पष्ट बोलते, वर्कस्टेशनच घ्या. फारच मोठं काम निघालं तर पुण्याला सी-डॅक या सरकारी संस्थेच्या परम महासंगणकावर वेळ मागता येतो.

धागाकर्ता: ताई, माणसाचाच प्रश्न आहे. आमच्या लॅब असिस्टंटला लिनक्स येतं, पण तो तासिका तत्त्वावर आहे. संशोधनाच्या पैशातून त्याचे तास दाखवता येतात का? कोणी केलं असेल तर ठरावाचा मसुदा कसा लिहिला ते सांगा, पुढच्या बैठकीत मांडतो.